आधी बरं वाटू दे, मग

कपाटाच्या खालच्या खणात निळ्या लोकरीचा एक स्वेटर अडीच वर्षं पडून होता. पाठ विणून झालेली, पुढचा भाग काखेपर्यंत आलेला आणि टाके सुईवर तसेच. तो खण उघडला की मी हवी ती वस्तू घाईघाईने काढायचे आणि खण लावून टाकायचे. मनात दर वेळी एकच यायचं, आधी बरं वाटू दे, मग घेऊ हातात.

मला फायब्रोमायल्जिया आहे. अंग सतत दुखतं आणि रात्रभर झोपूनही सकाळी शीण तसाच असतो. संधिवात असलेली माणसं, वर्षानुवर्षं पाठदुखी सोसणारी, कर्करोगाचे उपचार संपूनही थकवा न गेलेली, कोविडनंतर पूर्वीसारखी न झालेली, अशा कितीतरी जणांच्या तोंडून मी हेच वाक्य ऐकलंय. कुणाचं गाणं थांबलेलं असतं, कुणाची बाग, कुणाचं पोहणं, कुणाचं मित्रमंडळींत जाऊन बसणं. वाक्य समंजस वाटतं. आजारी पडलं की आराम करायचा, बरं वाटलं की कामाला लागायचं, हे आपण लहानपणापासून पाहत आलेलो असतो. तापाला किंवा मोडलेल्या हाताला ते लागूही पडतं. महिनोन्‌महिने मुक्काम ठोकलेल्या दुखण्याला मात्र ते लागू पडत नाही. का पडत नाही आणि मग करायचं काय, ते इथे सांगते.

इजा भरून येते, दुखणं का उरतं?

दुखणं ३ महिन्यांहून जास्त टिकलं किंवा परत परत येत राहिलं की वैद्यकात त्याला जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ मध्ये लागू झाली. तिच्यात जुनाट वेदनांची रीतसर वर्गवारी आहे, आणि त्यातल्या काही प्रकारांत दुखणं हे दुसऱ्या कशाचं लक्षण न मानता तोच आजार मानलाय. ‘तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही,’ हे ऐकून घरी परतलेल्या माणसाला या एका ओळीची किंमत कळेल. मी ते ऐकून जिन्याच्या पायरीवर बसून रडले आहे.

दुखणं म्हणजे इजेचं थेट मोजमाप नव्हे. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की शरीराकडून येणारा इजेचा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक दार असतं. ते कधी जास्त उघडतं, कधी कमी, आणि त्यावर वरून मेंदूचाही हात असतो. पुढे १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्रयोगातून दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त हळव्या होऊ शकतात. मग थोड्याशा संदेशालाही त्या मोठा प्रतिसाद देतात. घरात एकदा चोरी झाली की राखणीचा कुत्रा नंतर पानांच्या सळसळीलाही भुंकायला लागतो, तसं. भुंकणं खरंच असतं, कानठळ्या बसवणारं असतं. फक्त दर वेळी दारात चोर असतोच असं नाही.

म्हणून जुनाट दुखण्यात ‘दुखणं वाढलं’ आणि ‘इजा झाली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पंधरा मिनिटं विणल्यावर माझी बोटं ठणकतात, पण बोटांच्या आत काही तुटत नाही. हे समजायला मला फार वेळ लागला आणि समजल्यानंतरही विश्वास बसायला आणखी वेळ लागला. एक मात्र आवर्जून सांगते, हे प्रत्येकाच्या प्रत्येक दुखण्याला सरसकट लावू नका. संधिवातात सांधा सुजून गरम झालेला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, हाडं ठिसूळ असतील, तर कोणत्या हालचाली टाळायच्या ते डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना स्पष्ट विचारून घ्यावं. नेहमीपेक्षा वेगळंच दुखायला लागलं, हातापायातली ताकद गेली, ताप आला, कारण नसताना वजन उतरलं, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

मेंदूचा त्या दारावर हात असतो, हे म्हणजे ‘सगळे मनाचे खेळ’ असं कुणी ऐकवलं तर त्यांना २०१२ मधला एक प्रयोग सांगता येईल. निरोगी माणसांच्या हाताला सोसवेल इतपत उष्णतेचा चटका देत त्यांना स्मरणशक्तीचं कधी सोपं, कधी अवघड काम करायला लावलं आणि त्याच वेळी मज्जारज्जूचं स्कॅनिंग केलं. काम अवघड असताना, म्हणजे लक्ष त्यात गुंतलेलं असताना, दुखणं कमी जाणवलंच. पण त्याबरोबर मज्जारज्जूत पोहोचणारा संदेशही कमी झालेला दिसला. लक्ष गुंतण्याचा परिणाम असा थेट शरीरात, पाठीच्या कण्यात उतरतो. विरंगुळा या शब्दाला आपल्याकडे फावल्या वेळेचा वास चिकटलाय, पण लक्ष गुंतवून ठेवणारी, मनापासून आवडणारी गोष्ट हे दुखण्याच्या यंत्रणेवर काम करणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे.

थकव्याचं वेगळं

दिवसभर राबून आलेला थकवा आणि आजाराचा थकवा यांना एकच शब्द आहे, हे आपलं दुर्दैव. पहिला झोपेने जातो, दुसरा झोप झाल्यावरही अंगावर ओल्या घोंगडीसारखा असतो. त्याला कारणं अनेक आणि ती एकमेकांत अडकलेली. शरीरात दाह असेल तर त्यातून निघणारी रसायनं मेंदूवर परिणाम करून गळून गेल्यासारखं करतात. दुखण्यामुळे झोप सलग लागत नाही. दुखऱ्या बाजूला सांभाळत वावरण्यातच बरीच शक्ती जाते. काही वेदनाशामक आणि मज्जातंतूंवरच्या गोळ्यांनी गुंगी येते. शिवाय हालचाल कमी झाली की स्नायू दुबळे होतात आणि तेच काम आधीपेक्षा जड जातं. रक्त कमी असणं, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, ही उपचार करता येण्यासारखी कारणं आधी तपासून घ्यावीत, कारण त्यांवर इलाज झाला तर बराच भार उतरतो.

यात आनंद कसा निसटतो ते पाहा. ताकद कमी झाली की माणूस सगळ्यात आधी काय सोडतो? नोकरी सोडता येत नाही, घरचं टाळता येत नाही. सुटतं ते पेटी वाजवणं, चित्र काढणं, संध्याकाळी मैत्रिणीकडे जाणं. ज्याला कुणी हिशेब विचारणार नाही तेच पहिलं जातं. १९७० च्या दशकात पीटर लेविनसन या मानसशास्त्रज्ञाने नैराश्याबद्दल असं मांडलं की आयुष्यातून सुखावणाऱ्या गोष्टी कमी झाल्या की मन उतरतं, मन उतरलं की माणूस आणखी गोष्टी सोडतो, आणि चक्र खालीच जात राहतं. त्यातून निघालेल्या उपचारात मन सुधारायची वाट न पाहता आधी कृती परत आणतात, ठरवून, लहान लहान घास करून. दुखण्याच्या बाबतीतही वाट हीच आहे. बरं वाटेल आणि मग मी विणेन, असा माझा क्रम होता. तो उलटा होता.

बऱ्या दिवसाचा सापळा

ठीक, मग उद्यापासून सुरू करू, असं म्हणून जो उत्साह येतो त्याची मला खरी भीती वाटते.

माझंच सांगते. एका रविवारी सकाळी जाग आली आणि अंग हलकं वाटलं. असा दिवस आला की आपण काय करतो? ‘आज बरं आहे तर हातासरशी उरकून घेऊ.’ मी कपाट आवरलं, चादरी धुतल्या, दोन फोन केले आणि दुपारी तो स्वेटर काढून सलग दीड तास बसले. अठरा ओळी झाल्या. संध्याकाळी मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की सांगता येत नाही. सोमवारी दात घासायला हात वर होईना. बुधवारपर्यंत मी अंथरुणात होते आणि स्वेटर परत खणात गेला, या खेपेला आठ महिन्यांसाठी. मेंदूने साधा हिशेब मांडला होता, विणलं की तीन दिवस जातात, तर विणायचं नाही.

बऱ्या दिवशी अतोनात, मग आडवं, मग पुन्हा अतोनात, अशी ही चढ-उतार दुखण्याच्या कुठल्याही तज्ज्ञाला ओळखीची असते. दर फेरीत पडणं थोडं लांबतं आणि उठणं थोडं आखूड होतं. त्याच्या पोटी भीती जन्माला येते. भीतीने हालचाल टळते, टाळल्याने शरीर आणखी दुबळं होतं, आणि मग खरोखरच थोडंसं केलं तरी जास्त दुखतं.

वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी यावर एक अगदी साधी गोष्ट सुचवली होती, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा कणा तीच आहे. दुखायला लागलं की थांबायचं, असं आपण सगळे करतो. त्यामुळे कधी थांबायचं हे दुखणं ठरवतं. त्याऐवजी ते आधी ठरलेल्या मापाने ठरवावं, घड्याळाने किंवा मोजणीने. माप इतकं लहान असावं की दुखणं उसळायच्या आत ते पूर्ण होईल. बरा दिवस असला तरी तेवढंच करायचं. वाईट दिवस असला तरी शक्य तोवर तेवढं, निदान त्यातलं थोडं. विश्रांती ही कोसळल्यावर मिळणारी शिक्षा राहत नाही. ती मधूनमधून, अजून गरज वाटत नसतानाच घ्यायची असते.

हे माप कसं काढायचं? चार-पाच दिवसांत तीनदा ती गोष्ट करून पाहायची, आणि दुखणं किंवा थकवा स्पष्ट वाढल्याचं कधी जाणवलं ते लिहून ठेवायचं. माझी मिनिटं आली १४, ९ आणि १०. सरासरी ११. आता या अकरावर सुरुवात करायची नाही, कारण ती काठावरची रेघ आहे. तिच्या चार-पंचमांश घ्यायचं, म्हणजे जेमतेम ९ मिनिटं. काही फिजिओथेरपिस्ट निम्म्यावरूनच सुरू करा म्हणतात, आणि पूर्वी बऱ्याचदा तोंडावर आपटलेल्यांनी तेच ऐकावं. गजर लावायचा आणि वाजला की ओळ अर्धी असली तरी सुया खाली ठेवायच्या. पहिला आठवडा मला हे अपमानास्पद वाटलं. नऊ मिनिटांत माझ्या चार ओळीही होत नव्हत्या. पण सोमवार सोमवारसारखा उगवला, आणि मंगळवारी मी पुन्हा नऊ मिनिटं बसू शकले. आठवड्याला पाच दिवस नऊ मिनिटं म्हणजे पाऊण तास. त्या रविवारच्या दीड तासाने मला पुढे आठ महिने शून्य दिलं होतं.

एक-दोन आठवडे सुरळीत गेले की माप थोडं वाढवायचं, साधारण दहाव्या हिश्शाने. नवावर एक. त्याहून जास्त वाढवायचा मोह होतोच. तो मोह दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवला तर आवरायला मदत होते. माझी बहीण फोनवर विचारते, ‘ताई, गजर लावलायस ना?’

कुणी वाढवू नये

वर सांगितलेलं हळूहळू वाढवणं सगळ्यांसाठी नाही, आणि चुकीच्या माणसाने ते केलं तर नुकसान होऊ शकतं.

काही आजारांत श्रमांची परतफेड उशिरा आणि चढ्या व्याजाने करावी लागते. एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजाराचं हे मुख्य लक्षण आहे, आणि कोविडनंतर न सावरलेल्या बऱ्याच जणांतही ते दिसतं. थोडं चालणं, तासभर बोलत बसणं, एखादा अर्ज भरणं, एवढ्याने सगळी लक्षणं बिघडतात. तीही लगेच नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मग ती कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे राहतात. उशिरा येत असल्यामुळे माणसाला कारण आणि परिणाम जुळवता येत नाहीत. मंगळवारी पडलो ते रविवारच्या गप्पांमुळे, हे लक्षातच येत नाही.

अशा माणसांना पूर्वी ठरावीक टप्प्यांनी वाढत जाणारा व्यायाम सांगितला जाई. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली आणि या आजारात तसा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. त्याऐवजी आपल्याजवळ किती शक्ती आहे ते ओळखून तिच्या आत राहायचं. गंमत वाटण्याजोग्या गोष्टी अशांनीही सोडू नयेत, पण वाढ हे ध्येय ठेवू नये. माप तेच ठेवायचं, वाकडं वळण दिसलं तर घटवायचं. शरीराने स्वतःहून जागा करून दिली तरच, तीही जाणकाराला विचारून, पुढे सरकायचं.

आपण कोणत्या गटात आहोत हे कळण्यासाठी एक वही पुरते. तीन आठवडे रोज काय केलं, किती वेळ केलं आणि दुखणं-थकवा किती, एवढंच लिहायचं. मग मागे वळून पाहताना वाईट दिवसाच्या आदल्या दिवसावरच थांबायचं नाही, तीन दिवस मागे जायचं. डोक्याचे आणि मनाचे श्रमही लिहायचे, कारण वादावादीचा एक फोन मला दोन मजले चढण्यापेक्षा जास्त महाग पडतो, हे मला वहीनेच दाखवलं.

एका गोष्टीच्या पोटात दहा गोष्टी

‘मला आता बागकाम जमत नाही,’ असं एक काका मला म्हणाले. बागकाम म्हणजे काय काय, असं आम्ही दोघं बसून मोजायला लागलो. ओणवं होणं, उकिडवं बसणं, माती खणताना मनगटावर येणारा जोर, पाण्याची झारी उचलून नेणं, उन्हात उभं राहणं, कात्रीने फांद्या छाटणं. त्याशिवाय बी निवडणं, कोंब उगवला का ते रोज पाहणं, वाळकी पानं खुडणं, कुठे काय लावायचं याचा मनात नकाशा आखणं आणि शेजारच्या कुणाला तरी कलम देणं. मी विचारलं, ‘काका, यातलं तुम्हाला सगळ्यात आवडायचं काय?’ ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘कोंब वर आलेला बघायला.’

कोंब वर आलेला बघायला खणावं लागत नाही. कमरेच्या उंचीच्या टेबलावर सहा लहान कुंड्या, बसायला खुर्ची, एक लिटरची हलकी झारी. जड माती भरायला नातू. काकांची बाग परत सुरू झाली ती अशी.

दुखणं उभं राहण्याने वाढतं की एकाच जागी फार वेळ बसण्याने, जोराने धरण्यामुळे की हात खांद्याच्या वर नेल्याने, हे प्रत्येकाचं निराळं असतं. वाचायची आवड असेल तर मनगटं पुस्तकाच्या वजनाने दुखतात, की डोळे थकतात, की मागची ओळच लक्षात राहत नाही? पहिल्यावर पुस्तक ठेवायचा स्टँड, दुसऱ्यावर ऐकण्याची पुस्तकं, तिसऱ्यावर कादंबरीऐवजी कविता किंवा पूर्वी वाचलेलंच आवडतं पुस्तक. गाणाऱ्याने पाठ टेकून, श्वास पुरेल अशी आणि तेवढीच पट्टी घेऊन गावं. भेटीगाठींत तर चेहऱ्यांपेक्षा बाकीचंच थकवतं. तयार होणं, प्रवास, गोंगाट, चौघांचं एकदम बोलणं. एका वेळी एकच माणूस, घरी, चाळीस मिनिटं, हे जमणारे पुष्कळ जण समारंभ झेपत नाही म्हणून माणसांनाच मुकतात.

चित्रकार रेन्वार यांना साधारण पन्नाशीत संधिवात जडला. बोटं वाकडी होत गेली, अखेरची काही वर्षं ते चाकांच्या खुर्चीत होते. ब्रश त्यांच्या बोटांत दुसऱ्या कुणाला तरी धरवावा लागे, आणि मोठ्या चित्रापर्यंत हात पोहोचत नसे म्हणून कॅनव्हास रुळांवर गुंडाळून सरकवण्याची सोय त्यांनी करून घेतली होती. १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रंगवत होते. दुसरे चित्रकार आंरी मातीस १९४१ मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बराच काळ अंथरुणात किंवा खुर्चीत असत. ते मदतनिसांकडून कागद रंगवून घेऊ लागले आणि कात्रीने आकार कापून भिंतीवर लावून घेऊ लागले. ती उतारवयातली कामं आज त्यांच्या सर्वांत ओळखीच्या कामांत मोजली जातात. आपल्यापैकी कुणाला रेन्वार व्हायचं नाही, आणि ‘ते करू शकले तर तुम्ही का नाही’ असं आजारी माणसाला ऐकवणं क्रूरपणाचं आहे. मला त्यांच्यात दिसते ती सोय करून घेण्याची तयारी. दुसऱ्याचे हात मागायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

मी जाड लोकर आणि लाकडी सुया घेतल्या, धातूच्या थंड सुयांनी बोटं जास्त आखडायची. कोपराखाली उशी आली. नवीन ओळी जुन्यांपेक्षा सैल पडतात, कारण हाताची ओढ पूर्वीची राहिलेली नाही, आणि त्या निळ्या स्वेटरवर तर लोकरही मधेच बदलली. छातीवर एक आडवी रेघ स्पष्ट दिसते. ती पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. बदललेल्या रूपात परत येणाऱ्या आवडीबरोबर हे दुःखही येतं, आणि ते ‘सकारात्मक राहा’ म्हणून दडपू नये. पोहणाऱ्याला पाण्यात नुसतं उभं राहून चालणं आधी अपुरंच वाटणार.

उरलेल्यातून नव्हे

‘फिरायला जायला जमतं, मग घरचं करायला का नाही?’

हा प्रश्न कुणी उघड विचारतं, कुणी नजरेने. सगळ्यात जास्त वेळा तो आपण स्वतःलाच विचारतो. त्याचं उत्तर स्वच्छ शब्दांत तयार असावं. शक्ती मोजकी आहे, आणि ती सगळी कर्तव्यात संपवली तर दुखण्याशिवाय हातात काहीच उरत नाही. म्हणून दिवसाचा वाटा करताना आवडीच्या गोष्टीचा वाटा आधी काढून ठेवायचा, उरलं-सुरलं तिला द्यायचं नाही. उरत कधीच नाही. मी विणायला सकाळी दहाला बसते, माझा त्यातल्या त्यात बरा तास तो आहे. भांडी तोवर थांबतात. पहिल्या महिन्यात मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

घरच्यांना एकदा बसून सांगावं लागतं. ‘मी आज विणलं म्हणून मी बरी झाले असं नाही. औषध घेते तसं हेही करते.’ आणि मित्रमंडळींना नुसतं ‘बघते, जमलं तर’ म्हणण्यापेक्षा नेमकं सांगितलेलं बरं, ‘अर्धा तास येईन, टेकून बसायला जागा लागेल, मधेच उठून गेले तर वाईट वाटून घेऊ नका.’ लोक बोलवायचे थांबतात ते बहुतेक वेळा आपल्याला काय चालेल हे त्यांना कळत नाही म्हणून.

मजाच येत नाही तेव्हा

एवढं करून सुया हातात घेतल्या आणि काहीच वाटलं नाही, असंही होतं. आनंद एकदम परत येत नाही. सुरुवातीला आनंद शोधायचाच नाही. नऊ मिनिटांत एखादा क्षण तरी दुखण्याकडे लक्ष नव्हतं का, एवढंच पाहायचं. माझ्या वहीत तिसऱ्या आठवड्यात एक नोंद आहे, ‘गजर वाजला तेव्हा दचकले.’ दचकले म्हणजे वेळेचं भान सुटलं होतं. तो माझा पहिला चांगला दिवस मी मानते.

पण दोन-तीन आठवडे कशातच गोडी वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते दुखण्याच्या खात्यावर टाकून गप्प बसू नये. जुनाट दुखण्याबरोबर नैराश्य वारंवार येतं, त्यावर स्वतंत्र उपचार आहेत. आणि मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी, घरच्याला किंवा डॉक्टरला, मोठ्याने सांगायचं.

उसळलं तर

माप कितीही नीट पाळलं तरी दुखणं कधी तरी उसळणारच. सर्दी-तापाने, जागरणाने, प्रवासाने, कधी काहीच कारण न सापडता. त्या दिवशी डोकं चालत नाही, म्हणून कागद बऱ्या दिवशी लिहून ठेवायचा. माझा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. त्यावर डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधं, शेकायची पिशवी कुठे आहे, कोणती कामं कुणाला सांगायची आणि कोणती सरळ सोडून द्यायची, हे लिहिलंय. ‘हे आधीही आलं होतं आणि ओसरलं होतं’ असं वाक्य आहे आणि खाली मागच्या चार खेपांच्या तारखा आहेत.

त्याखाली विणण्याची सगळ्यात लहान आवृत्ती आहे. लोकरीचा गुंडा उशाशी घ्यायचा. जमलं तर एक टाका. तेही नाही जमलं तर कुणी विणत असल्याचा व्हिडिओ आवाज बंद करून पाहायचा. तीन-चार दिवस पूर्ण सुटलं की परत हात लावायला आठवडे जातात, हे मी दोनदा अनुभवलंय, म्हणून धागा धरून ठेवते. ओसरायला लागलं की जुन्या मापावर उडी न मारता निम्म्यावरून सुरुवात. माझ्यासाठी सध्या ते सात मिनिटं आहे. गेल्या महिन्यात असंच झालं होतं. डावी बाही तेव्हा कोपरापर्यंत आली होती. परवा पुन्हा चौदा मिनिटांचा गजर लावला.